पाच मुलांचा निकाल टक्क्यांत वाचू नये

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीतून शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा ताईंनी विचारलं आहे: "आमच्या जिल्हा परिषद शाळेतून गेल्या वर्षी पाचवीची चार मुलं शिष्यवृत्तीला बसली आणि चारही पात्र झाली. यंदा पाच बसली, पात्र एकच. गेल्या जूनमध्ये जुने गुरुजी बदलून गेले आणि घाटावरच्या नव्या बाई आल्या. पालक म्हणतात, बाईंना शिकवता येत नाही. दोन घरं मुलं काढून शहरातल्या इंग्रजी शाळेत घालणार आहेत. तिथला निकाल ९० टक्के लागलाय म्हणे. शनिवारी सभा आहे. आम्ही काय समजायचं आणि काय करायचं?" सोबत त्यांनी पाचही मुलांचे गुण पाठवले आहेत.

ताई, गुण पाठवलेत हे फार चांगलं केलंत. मी ३१ वर्षं सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या जिल्हा परिषद शाळांत काढली, त्यातली शेवटची सात केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करत. या काळात निकालावरून झालेली भांडणं खूप पाहिली, पण त्या भांडणांत मुलांचे गुण समोर मांडून बसलेले पालक मोजकेच भेटले. सगळे टक्क्यांवर बोलतात. म्हणून आधी ते टक्के बाजूला ठेवू.

तुमच्या वर्गात मुलं पाच. म्हणजे एक मूल इकडचं तिकडे झालं की निकाल २० टक्क्यांनी हलतो. ज्या शाळेत ६० मुलं बसतात तिथे तेवढा फरक पडायला १२ मुलं लागतात. आपल्या कोकणात वाडी-वाडीवर शाळा आहेत, पट लहान आहेत, आणि दरवर्षी तालुक्याची यादी लागली की एखादी शाळा शंभर टक्क्यांवर असते ती पुढच्या वर्षी शून्यावर दिसते. गुरुजी तेच, शाळा तीच, वाडीही तीच. वर्गातली चार पोरं तेवढी बदललेली असतात. शंभर टक्क्यांना आपण हार घालतो आणि शून्याला नोटीस देतो. दोन्ही मला कधीच पटलं नाही.

आता तुम्ही पाठवलेले गुण बघू. पेपर दोन, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के, म्हणजे ६० गुण लागतात. तुमच्या पहिल्या मुलीला ९६ आणि ८८ आहेत, ती पात्र. दुसऱ्या मुलाला ५८ आणि ७४. तिसऱ्या मुलीला ६६ आणि ५६. चौथ्याला ५४ आणि ६२. पाचव्याला ३४ आणि ४०. एक प्रश्न दोन गुणांचा. म्हणजे दुसऱ्या मुलाचा एक प्रश्न आणि तिसरीचे दोन प्रश्न बरोबर आले असते तर तुमचा निकाल २० वरून ६० टक्क्यांवर गेला असता. एकूण तीन प्रश्न. पालकांनी शनिवारी आवाज चढवला तर एवढंच शांतपणे वाचून दाखवा. आणि गेल्या वर्षीच्या चार मुलांचे गुणही काढून आणा. त्यातली दोन ६२-६४ वर निघाली तर गेल्या वर्षीची शाळा आणि यंदाची शाळा यांत गावाला वाटतं तेवढं अंतर नाही, हे सगळ्यांना दिसेल.

पण ताई, इथेच थांबून "बघा, आमची शाळा चांगलीच आहे" असं म्हणू नका. कारण याच गुणांत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती निकालापेक्षा जास्त काळजीची आहे.

पहिल्या पेपरात दोन विषय असतात: प्रथम भाषेचे २५ प्रश्न, ५० गुण आणि गणिताचे ५० प्रश्न, १०० गुण. दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. सगळे प्रश्न चार पर्यायांचे. चुकलं म्हणून गुण कापत नाहीत. याचा अर्थ असा की एखाद्या मुलाने प्रश्न न वाचता डोळे मिटून गोल काळे केले तरी चारातला एक लागतोच. ७५ प्रश्नांत असे १८-१९ लागतात, म्हणजे ३७-३८ गुण. नुसत्या गणितापुरतं बोलायचं तर ५० प्रश्नांत १२-१३, म्हणजे २५ गुण अंदाजाचे. तुमच्या मुलांचे गणिताचे गुण बघा: ६०, २८, ३४, २६, २०. पहिली मुलगी सोडली तर चौघांचं गणित अंदाजाच्या आसपास आहे. ज्याचा पेपर "फक्त एका प्रश्नाने" हुकला त्याला भाषेत ५० पैकी ३० आणि गणितात १०० पैकी २८ आहेत. तो एक प्रश्न लागला असता तर तो पात्र झाला असता, शाळेच्या फळ्यावर त्याचं नाव लागलं असतं, आणि त्याला गणित येत नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

हाच हिशोब उलटा करून बघा. ७५ पैकी ज्याला खात्रीने फक्त १५ प्रश्न येतात आणि उरलेल्या ६० वर तो अंदाज लावतो, त्याचे साठातले सरासरी १५ लागतात. १५ आणि १५ मिळून ३०, म्हणजे ६० गुण, म्हणजे पात्र. आणि अंदाज म्हटला की तीन-चार प्रश्न इकडचे तिकडे होणं अगदी साधी गोष्ट आहे. म्हणून ५४ वाला नापास आणि ६६ वाली हुशार असं समजू नका. तेच दोघं पुढच्या रविवारी पुन्हा बसले तर जागा बदलूही शकतात. "पात्र" या शब्दाला आपण गावात जेवढं वजन देतो तेवढं त्याचं वजन नाही. शिष्यवृत्ती मिळते ती गुणवत्ता यादीत येणाऱ्यांना, पात्र होणाऱ्या सगळ्यांना नव्हे, हेही सभेत एकदा स्पष्ट सांगा. बऱ्याच घरांत तो गैरसमज असतो.

आता बाईंचं. पाचवीच्या मुलाला अपूर्णांक, दशांश, शाब्दिक उदाहरणं येत नाहीत ही आठ महिन्यांत झालेली गोष्ट नव्हे. ती तिसरी-चौथीत कधीतरी राहिलेली असते. तरी पालकांची शंका मी उडवून लावणार नाही, कारण तपासायला साधन आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नियतकालिक चाचण्या शाळेत होतात: वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, मग दिवाळीच्या आसपास संकलित एक, वर्षाअखेर संकलित दोन. पायाभूत चाचणी आधीच्या इयत्तेच्या अभ्यासक्रमावर असते. म्हणजे बाई वर्गात आल्या तेव्हा मुलं कुठे उभी होती याचा तो पुरावा आहे. ती उत्तरपत्रिका मागा. गुण नुसते बघू नका, कारण प्रत्येक चाचणीची काठिण्यपातळी वेगळी असते आणि तपासणी शाळेतच होते. मुलाने भागाकार कसा मांडला होता आणि शेवटच्या चाचणीत कसा मांडलाय ते बघा. बदल झालेला असेल तर दिसेल. झालेला नसेल तरी दिसेल, आणि मग बाईंशी तसं मोकळेपणाने बोलता येईल. दोन शिक्षकी शाळेत एकाच बाईंकडे तीन-तीन इयत्ता असतात. पहिलीच्या मुलाचं अक्षर गिरवून घेताना पाचवीचं गणित मागे राहतं, हे मी स्वतः अनुभवलंय. आणि बाई घाटावरून आल्यात म्हणून मुलांचं मालवणी त्यांना कळायला वेळ लागतो, हेही खरं आहे. त्यात कुणाचाही दोष नाही. पण त्यावर उपाय वाडीकडेच आहे, तो पुढे सांगतो.

सभेत कुणीतरी राष्ट्रीय सर्वेक्षणाचा विषय काढेल, माझ्या अनुभवात काढतातच. नोव्हेंबर २०१७ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, डिसेंबर २०२४ मध्ये परख सर्वेक्षण झालं. ती सगळी नमुना पाहण्या आहेत. ठरावीक शाळा निवडतात आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज काढतात. त्यावरून तुमच्या शाळेबद्दल चांगलं वा वाईट काहीही सांगता येत नाही. हा विषय निघाला तर लवकर आटोपा.

इंग्रजी शाळेच्या ९० टक्क्यांबद्दल एकच प्रश्न विचारा: पाचवीत मुलं किती आणि परीक्षेला बसवली किती? चाळीसच्या वर्गातली निवडक दहा बसवली आणि नऊ पात्र झाली तर तो ९० टक्के निकाल होतो. तुमच्या शाळेने पाचच्या पाच बसवली. ज्याला ३४ गुण पडले त्यालाही बसवलं. यासाठी मी तुमच्या बाईंना मनापासून मानतो. कारण मी स्वतः शिक्षक म्हणून पहिली काही वर्षं याच्या उलट वागलो. वर्गातली तीन चुणचुणीत पोरं वेगळी काढायची, सकाळी शाळेआधी त्यांचा तास घ्यायचा आणि बाकीच्यांना "तुम्ही धडा लिहून काढा" म्हणायचं. निकाल शंभर टक्के लागायचा. तालुक्याला सत्कार व्हायचा. त्या बाकीच्यांतला एक मुलगा पुढे सातवीत गेला तेव्हा त्याला अडीचचा अर्थ सांगता येत नव्हता. तो माझ्याच वर्गात चार वर्षं बसला होता. ते मला अजून सलतं.

आता काय करायचं. शाळेत प्रश्नपत्रिका आहेतच, परीक्षा परिषदेची अंतिम उत्तरसूचीही संकेतस्थळावर मिळते. त्याच प्रश्नपत्रिका पाचही मुलांना पुन्हा सोडवायला द्या, पण घड्याळ न लावता, तीन-चार दिवसांत तुकड्यातुकड्याने, आणि गोल न काळे करता. उत्तर वहीत लिहायचं आणि जिथे येत नाही तिथे "येत नाही" असं लिहायचं. अंदाज लावायचा नाही. त्यातून खरं चित्र मिळेल. मग प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापाशी मुलाजवळ बसा आणि विचारा, "हे कसं काढलंस?" चूक कुठे होते ते मूल स्वतःच सांगतं. आपण ऐकायला बसत नाही एवढंच.

माझ्या शेवटच्या वर्षातली एक गोष्ट सांगतो. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जाणाऱ्या घरातला मुलगा होता. प्रश्न होता, ७५० चे दोन-पंचमांश किती. त्याने ७५० मधून २ वजा केले, मग ५ वजा केले आणि ७४३ च्या जवळचा पर्याय शोधत बसला. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "साडेसातशेचा म्हावरा इकला. पाच वाटे केले. त्यातले दोन वाटे होडी-जाळ्याचे. होडी-जाळ्याक किती?" त्याने मान वर न करता सांगितलं, "तीनशे." वेळ लागला तो एका श्वासाएवढा. मी विचारलं, "मग ह्या आणि त्या एकच ना?" तो बराच वेळ त्या आडव्या रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खालचो आकडो वाट्यांचो?" त्याला अपूर्णांक येत होता, ताई. त्या रेघेचा अर्थ त्याला कुणी त्याच्या भाषेत सांगितला नव्हता. त्या दिवसानंतर त्याने छेद-अंश हे शब्द कधी चुकवले नाहीत.

म्हणून म्हटलं, उपाय वाडीकडे आहे. रापणीचे वाटे, लिलावातले भाव, आंब्याची पेटी चार डझनी की पाच डझनी, माडाचे नारळ शेकड्यावर कसे जातात, हे सगळं गणित आहे आणि ते तुमच्या घराघरांत रोज चालतं. आठवड्यातून एक तास एखाद्या जाणत्या माणसाने किंवा आईने शाळेत येऊन बाईंबरोबर बसावं, मुलांनी मालवणीत सांगावं आणि बाईंनी ते पुस्तकातल्या मराठीत फळ्यावर लिहावं. बाईंनाही भाषा येईल आणि मुलांनाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे तोंडी पक्कं करून घ्या. शिष्यवृत्तीची मार्गदर्शक पुस्तकं त्यानंतर. मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा शाळेला काहीतरी द्यायची त्यांची इच्छा असते, बहुतेक वेळा टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर येतो. यंदा त्यांना सांगा, गोष्टीची पुस्तकं आणि उत्तरपत्रिकेच्या सरावासाठी झेरॉक्सचा खर्च द्या.

ही झाली गणितातली चूक. दुसरी चूक वाचनाची. "खालीलपैकी अयोग्य विधान कोणते?" यातला "अ" मुलं खातात. पहिलं बरोबर विधान दिसलं की गोल काळा करून पुढे जातात. एका वर्षी माझ्या केंद्रातल्या मुलांच्या चुका मोजायला बसलो तेव्हा "अयोग्य", "नाही", "वगळता", "चुकीचा पर्याय" असलेले प्रश्न हुशार मुलांचेही जात होते. त्यांना उत्तर येत होतं. असा शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, ही एकच सवय लावा. मोठ्याने वाचायला लावा. जे मूल प्रश्न अडखळत वाचतं त्याचा अर्धा वेळ वाचण्यातच जातो. दीड तासात ७५ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा पूर्ण मिळत नाही.

तिसरं उत्तरपत्रिकेचं. एक प्रश्न सोडला आणि गोल मात्र सोडला नाही, की तिथून पुढची सगळी उत्तरं एका घराने सरकतात. पेनाने केलेला गोल खोडता येत नाही. शिवाय प्रश्नपत्रिकेच्या संचाचा कोड चुकीचा भरला तर बरोबर उत्तरंही चुकीची ठरतात. सरावाला नुसत्या प्रश्नपत्रिका न देता गोलांचा कागदही द्या. डाव्या हाताचं बोट प्रश्नक्रमांकावर ठेवायचं आणि दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळतोय का ते बघायचं, ही सवय डिसेंबरपर्यंत लागली पाहिजे. शेवटची पाच मिनिटं राहिलेले गोल भरण्यासाठी राखून ठेवायची. चुकल्यास गुण जात नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हेही मुलांना सांगा. परीक्षेत अंदाज लावायचा. घरी अभ्यासात लावायचा नाही.

परीक्षा फेब्रुवारीत येते तेव्हा आपल्याकडे कलमांच्या फवारण्या चालू असतात, कुणकेश्वरची जत्रा असते, केंद्र लांब असतं. मुलं पहाटेची एसटी पकडून उपाशी येतात आणि दुपारच्या पेपराला पेंगतात. तुमच्या तिसऱ्या मुलीचा दुसरा पेपर पहिल्यापेक्षा दहा गुणांनी कमी आहे, तिला दुपारी काय खायला मिळालं होतं तेही एकदा विचारा. समितीने एक गाडी ठरवली आणि सोबत डबा दिला तर तो खर्च वाया जात नाही.

वेळाचं गणित यापुढे बदलणार आहे हेही ध्यानात घ्या. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत, त्यामुळे मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्या शिक्षकांनी पाया घातला त्यांच्याच हाताखालून मूल परीक्षेला जाईल. पण तयारीला एक वर्ष कमी मिळणार. तुमची आताची दुसरी-तिसरीची मुलं म्हणूनच महत्त्वाची. तिथे वजाबाकी हातच्याने येते का, शंभरपर्यंतच्या संख्या उलट सुलट सांगता येतात का, हे आत्ता बघितलं तर चौथीला धावपळ होणार नाही. सराव परीक्षा मात्र दर आठवड्याला घेऊ नका. न येणारं गणित दहा वेळा विचारलं म्हणून येत नाही. एक प्रश्नपत्रिका घेऊन ती पंधरा दिवस नीट सोडवून घेतलेली बरी.

राहिला तुमचा पाचवा मुलगा, ३४ आणि ४० वाला. दोन्ही पेपरांत त्याचे गुण जवळपास तेवढेच आहेत जेवढे डोळे मिटून पडतात. सभेत त्याचं नाव घेऊ नका, आणि कुणी घेतलं तर थांबवा. शनिवारच्या आधी त्याला घरी बोलवा, बाईंनाही बोलवा. आधी तिसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या. वाचता आला आणि काय वाचलं ते त्याच्या शब्दांत सांगता आलं, तर परीक्षेत गोल सरकले असण्याची किंवा संचाचा कोड चुकल्याची शक्यता मोठी आहे. तसं वाटलं तर गुणपडताळणीच्या अर्जाची मुदत आहे का ते बाईंना लगेच बघायला सांगा. आणि वाचता आला नाही, तर बाकीचं सगळं थांबवून आधी त्याला वाचायला शिकवायचं आहे. त्यासाठी रोज अर्धा तास कोण बसणार, एवढं एक नाव शनिवारच्या सभेत ठरवून घ्या.